रविवारचा वर्ग

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून मी शिक्षक झालो. परंतु अध्यापनाचे खरे समाधान मला लाभले ते रविवारच्या संपर्कसत्रांत. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी अर्थशास्त्राचा समंत्रक होतो. समोर रात्रपाळी करून आलेले कामगार, परिचारिका, अंगणवाडी सेविका. बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग १९४६ मध्ये नोकरदारांसाठी सकाळी का भरू लागले, हे ते जागरणाने लाल झालेले डोळे पाहून उमगे.

एकदा मागणीची लवचिकता समजावीत होतो. आकृती काढून झाली, तरी वर्ग मूक. मागच्या बाकावरच्या भाजीविक्रेत्या मावशी म्हणाल्या, “सर, मेथी महागली की बायका पालक नेतात, मीठ महागलं तरी मीठच नेतात. हेच ना?” हेच! तरुणांच्या वर्गात व्याख्या पाठ होते; येथे ती आधीच जगलेली असते.

वर्षअखेर निम्मे बाक रिकामे होत, हेही खरे. कुणाची पाळी बदले, कुणाच्या घरी आजारपण. मावशी मात्र तिन्ही वर्षे आल्या. पदवीने मेथीचा भाव वाढणार नाही, हे त्यांनीच मला हसत सांगितले होते. त्यांना बचतगटाचे इतिवृत्त स्वतः लिहायचे होते. आता लिहितात, कधी मला दाखवतात, आणि माझी दुरुस्ती पटली नाही तर तसे सांगतातही.