वेताळाला शीव असते

तळेगाव ढमढेरे

चि. केतकी,


तू भयमालिका लिहिणाऱ्यांच्या चमूत गेलीस, हे ताईकडून कळलं. आनंद झाला, आणि लगेच 'बेताल' आठवली. २४ मे २०२० ला नेटफ्लिक्सवर आली, चार भागांची. गूढकथाकार रत्नाकर मतकरींना जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. मोठ्या आशेनं लावली आणि फार निराश झालो.

सुरुवात किती चांगली होती! रस्त्यासाठी डोंगरातला जुना बोगदा उघडायचा, गावकरी जिवाच्या आकांतानं अडवतात, आत कंपनी सरकारची मेलेली पलटण. पुढे मात्र बंदुका आणि लाल डोळे. गावकऱ्यांना ठाऊक असलेलं काही ऐकून घ्यायला मालिकेला सवडच नाही.

'बेताल' म्हणजे वेताळच, पण आपल्याकडे वेताळ राखणदार आहे गं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. त्याची भीती वाटते ती आपण मर्यादा ओलांडली तर. त्याला नुसतं मढी उठवायला लावलं की उरतं काय?

'बेताल'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक निखिल महाजन. त्यांच्याच 'गोदावरी' चित्रपटाला पुढे दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात नाशिकचा घाट, नदी, घरातलं न बोललेलं दुखणं सगळं जिवंत आहे. म्हणजे कुवत होती. म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. भीतीलाही अशी जागा लागते. 'तुंबाड' चित्रपटातून तो पाऊस आणि तो वाडा काढून टाक, त्यातला हस्तर उभा राहील का?

खरी भीती कशी असते सांगतो. इथे शिरूर तालुक्यात बिबट्याची दहशत आहे. रात्रीची लाइट असली की उसाला पाणी धरायला जावंच लागतं. पाचट वाजलं की माणूस बॅटरी धरून जागच्या जागी थांबतो. वारा असेल, कुत्रं असेल. त्या थांबण्याला तुमच्या मालिकेत जागा ठेव. पहिल्याच भागात सगळं दाखवायची घाई कोणी केली तर भांड त्यांच्याशी.

तुमच्या कथेतलं गाव कुठलं, त्याची शीव कुठून जाते, तिथला राखणदार कोण आणि त्याला काय वाहतात, हे ठरलंय का? उलट टपाली कळव.

तुझा,
मामा