ऊन आणि लोकर



दसऱ्याची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की आपल्या चिंताकीत थंडीची चाहूल लागते. मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या शेतांवरून येणारा पहाटेचा वारा अंगाला झोंबतो. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. त्यामुळे ऐन थंडीत पहाटेचा पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा सकाळी प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांच्या रांगा पाहताना आमची नजर आधी त्यांच्या स्वेटरकडे जाते. ही आमची जुनी खोड आहे. म्हणून या अंकात हाताने विणायच्या स्वेटरबद्दल चार गोष्टी लिहीत आहोत. त्यांतली एक गोष्ट आमच्या चुकीची आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, हे पालकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. विणकामही आम्ही तिथेच, वसतिगृहात शिकलो. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरातल्या बायकामुलींनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका तेव्हा शाळकरी होत्या आणि त्याच वेळी विणायला शिकल्या होत्या. त्यांच्याकडून आम्ही सलाई, फंदा, सीधा, उलटा हे शब्द उचलले. मराठीत तेच सुई, टाका, सुलट, उलट. पहिल्याच सुट्टीत घरी आलो आणि आजीला म्हणालो, "आजी, बाजारातून ऊन आणायचे आहे." हिंदीत लोकरीला ऊन म्हणतात, हे तिला काय माहीत! ती अंगणात तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लेकरा, ऊन बी आता इकत मिळाया लागलं व्हय?"

खुलासा केल्यावर आजीचे म्हणणे पडले की, बाजारात जायचे कशाला? गावात मेंढरे आहेत, कातलेले सूतही मिळते. ते आम्हाला पटले. आपल्या या भागात मराठीत घोंगडी, कन्नडमध्ये कंबळी आणि तेलुगूत गोंगडी म्हणतात ती याच लोकरीची. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, हाताने सूत काढतात, मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात. शेतात राखणीला जाणाऱ्याला घोंगडीसारखा सोबती नाही. त्याच काळ्या सुताचा स्वेटर आम्ही तीन वर्षांच्या भाच्यासाठी मोठ्या हौसेने विणला. पोराने तो तासभरही अंगात ठेवला नाही. रडून गोंधळ घातला आणि काढून पाहिले तर गळा लालेलाल झालेला.

कारण पुढे वाचनात आले. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाला की त्याचे टोक वाकत नाही, कातडीला टोचते. मेरिनो मेंढीची लोकर बहुधा १८ ते २४ मायक्रॉनची असते, म्हणून मऊ लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर त्याहून पुष्कळ जाड आणि केसाळ असते. सदऱ्यावर पांघरायला ती उत्तम, पण लहान मुलाच्या उघड्या गळ्याला लागू देण्यासारखी नाही. मेंढीचा यात दोष नव्हता, निवड आमची चुकली.

दुसऱ्या वेळी आम्ही अगदी दुसऱ्या टोकाला गेलो. बाजारातून चकचकीत गुलाबी अॅक्रिलिकचे गुंडे आणले. स्वस्त, मऊ आणि धुवायला सोपे. पुतणीला स्वेटर इतका आवडला की रात्रीही काढेना. एके पहाटे ती अंगणातल्या शेकोटीजवळ बसली होती. एक ठिणगी बाहीवर पडली. बाही पेटली नाही, पण तेवढा भाग वितळून मनगटाला चिकटला. आज ती दोन मुलांची आई आहे आणि मनगटावरचा डाग अजून आहे.

अॅक्रिलिक हा कारखान्यात बनलेला कृत्रिम धागा आहे, तो उष्णतेने वितळतो. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, आणि ज्वाला दूर केली की बहुधा आपोआप विझते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही ओली लागत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे ऊब टिकते. आज बाजारात 'लोकर' म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे अॅक्रिलिक असते, आणि तयार मिळणारे स्वस्त स्वेटरही बहुधा त्याचेच असतात. लेबल नसेल तर धाग्याचा बोटभर तुकडा मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून पाहावा. जळक्या केसांचा वास येऊन राख बोटांत चुरगळली तर लोकर, आणि वितळून कडक काळा मणी झाला तर कृत्रिम धागा. मुलांनी हा प्रयोग एकट्याने करू नये.

मग घ्यावे काय? आमचे मत असे. परवडत असेल तर मऊ लोकर घ्यावी. नाही तर लोकर आणि अॅक्रिलिक यांचे मिश्रण घ्यावे. निव्वळ अॅक्रिलिकच घेणे भाग असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण तो स्वेटर घालून मुलाला शेकोटीजवळ आणि चुलीपुढे बसू देऊ नये, एवढे कटाक्षाने पाळावे. दहा वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला मध्यम जाडीची साधारण ३०० ग्रॅम लोकर लागते. ती एकदमच घ्यावी आणि प्रत्येक लेबलावरचा लॉट नंबर एकच आहे ना, हे पाहावे. नंतर आणलेला गुंडा त्याच रंगाचा दिसला तरी विणल्यावर फरक कळतो. घरात धुणारे कोण आहे याचाही विचार करावा. लोकर गरम पाण्यात घालून चोळली की आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. रिठ्याच्या थंड पाण्यात हलकेच धुवावी, पिळू नये, आणि दोरीवर न टांगता सावलीत पसरून वाळवावी.

आता आमच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. स्वेटर सुरू करण्यापूर्वी नमुन्याचा चौकोन विणायचा. कंटाळा करायचा नाही. समजा ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर तुमच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले. मुलाची छाती ७० सेंटिमीटर, त्यात सैलपणासाठी १० मिळवले की ८०. पाठीचा भाग निम्मा, म्हणजे ४० सेंटिमीटर. त्याला ८८ टाके. आता तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर त्याच ८८ टाक्यांची पाठ पावणेसदतीस सेंटिमीटरचीही भरत नाही. सगळा स्वेटर सुमारे ७३ सेंटिमीटरचा होतो आणि सदऱ्यावर चढता चढत नाही. दोन टाक्यांचा फरक, पण महिन्याची मेहनत वाया जाते. खालचा काठ आणि मनगट दोन नंबर बारीक, म्हणजे १० नंबरच्या सुयांवर दोन सुलट, दोन उलट असे विणावे. त्याने ते ताणून परत जागेवर येतात. मधला भाग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा साधाच ठेवावा. वेणीची नक्षी सुंदर दिसते, पण ती रुंदी आत ओढते आणि लोकरही जास्त खाते.

बाहीची गोष्ट मात्र आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ती आम्हाला एका विद्यार्थ्याच्या आजीने शिकवली, आणि ती शिकण्याआधी आम्ही तिच्या नातवावर अन्याय केला.

काही वर्षांपूर्वी, पौषातल्या एका सकाळी पाचवीतला एक मुलगा पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर घालून आला. थोडा तपकिरी, मग राखी, मग निळा. बाह्या दोन रंगांच्या. आम्ही त्याला रांगेतून बाहेर बोलावले, "हा गणवेश नाही" असे सर्वांदेखत सांगितले आणि स्वेटर काढायला लावला. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या संपेपर्यंत तो दोन्ही हात काखेत धरून उभा होता. शिस्त राखली, असे आम्हाला तेव्हा वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. भांडायला आली असेल म्हणून आम्ही तयारीत बसलो होतो. तिने पदराखालून तो स्वेटर काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, निळं कंचं पायजे ते सांगा. मी रंगवून आणते. पण थंडीत लेकराच्या अंगातलं काढाया लावू नका."

आम्हाला उत्तर सुचेना. म्हणून आम्ही स्वेटर हातात घेऊन पाहू लागलो. घरातले तीन जुने स्वेटर उसवून तिने ही लोकर मिळवली होती. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडतात. त्या जाण्यासाठी तिने लडी करून धुतल्या होत्या आणि खाली पाण्याचा तांब्या टांगून वाळवल्या होत्या. कोणतीच लोकर पुरेशी नव्हती, म्हणून पट्टे. आणि बाह्या मनगटापासून वर न विणता, खांद्याचे टाके उचलून वरून खाली विणल्या होत्या. असे का, म्हणून विचारले. ती म्हणाली, "पोरगं वाढतंय की. हात लांब झाले की मनगट उसवायचं आन चार बोटं वाढवायचं. कोपर फाटलं तरी खालनंच उसवता येतं. समदा स्वेटर मोडावा लागत न्हाई." आम्ही इतकी वर्षे विणत होतो, पण मूल वाढणार आहे हे धरून कधी विणले नव्हते.

आम्ही तिची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्या मुलाचीही, सर्वांदेखत मागितली, कारण अपमान सर्वांदेखत केला होता. तो स्वेटर त्याने सातवीपर्यंत घातला. बाह्या दोनदा वाढल्या आणि पट्टे आणखी दोन झाले.

त्या दिवसापासून थंडीत कोणत्याही मुलाच्या अंगातला स्वेटर आम्ही काढायला लावलेला नाही. पण मुख्याध्यापक आज आहेत, उद्या नसतील. निवृत्तीला फार वर्षे उरलेली नाहीत. म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे की, गणवेशाच्या नियमात दोन ओळी लेखी घालाव्यात: हाताने विणलेला कोणत्याही रंगाचा स्वेटर चालेल, आणि उबेसाठी घातलेले वस्त्र थंडीत काढायला लावले जाणार नाही. गणवेश मुलांमधला भेद दिसू नये म्हणून असतो. कुडकुडणारे मूल आणि उबेतले मूल, यांच्यातला भेद त्याने झाकला जात नाही.

पालकांना विनंती अशी की, घरातले लहान झालेले लोकरीचे स्वेटर टाकून न देता शाळेत पाठवावेत. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही ते उसवून पुन्हा विणायला शिकवणार आहोत. मुलींबरोबर मुलांनीही बसायचे आहे. ज्या आजींना आणि आयांना विणकाम येते, त्यांनी शनिवारी तासभर यावे. सुया आम्ही देऊ. घोंगडीचे सूत मात्र या खेपेस आणणार नाही!

आपली,
मुख्याध्यापिका