पूर्वाश्रमीची कुमारी

आमच्या शाखेतल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा मी चिमट्यानं ओढून काढला, आणि त्या दिवसापासून माझी गणना कॉम्प्युटरतज्ज्ञांत होऊ लागली. वास्तविक मी बी. कॉम. माणूस. नावे टाकणं हा माझा धंदा आणि नावं ठेवणं हा छंद. एवढ्या भांडवलावर यवतमाळात बावीस वर्षं नोकरी ओढली. नावं बदलण्याचं काम मात्र कधी अंगावर आलं नव्हतं. ते गेल्या पावसाळ्यात आलं.

एका सोमवारी वरच्या ऑफिसातून एक तरुण साहेब लॅपटॉप घेऊन उतरले. आमच्या डिरेक्टरीतली नावं दुरुस्त करायची होती. डिरेक्टरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे टेलिफोनचं जाडजूड पुस्तक आलं. पण ही डिरेक्टरी सर्व्हरच्या पोटात असते. सकाळी आपण नाव आणि पासवर्ड टाकला की यंत्र तिथं जाऊन, हा आपलाच माणूस की कुणी उपरा, हे बघून येतं. तिच्याशी बोलण्याची रीत अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी १९९३ च्या सुमारास बसवली. तिचं नाव एलडॅप. त्यातल्या 'एल'चा अर्थ 'लाइटवेट', म्हणजे हलकंफुलकं. मला जरा आपुलकी वाटली.

प्रत्येक नोंद पोस्टकार्डावरच्या पत्त्यासारखी. आधी माणूस, मग शाखा, मग विभाग, शेवटी बँक. नाव बदलायचं तर काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप करायचा. त्याचं नाव 'एलडॅप-मॉड-आरडीएन'. हे उच्चारताना तोंडात सुपारी असू नये. हुकुमापुढे जुना पत्ता द्यायचा आणि नवं नाव द्यायचं. शिवाय त्याला दोन शेपट्या लावता येतात. 'डॅश आर' लावली की जुनं नाव कायमचं पुसलं जातं. 'डॅश एस' लावली की माणूस मूळच्या फांदीवरून उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊन बसवला जातो.

"साहेब," मी म्हणालो, "हे तर लग्न झालं!"

साहेब अविवाहित होते. ते नुसतेच हसले.

आमच्या जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नाव होतं वूण, म्हणजे आपली वणी. त्या साली इंग्रजांनी नाव बदलून यवतमाळ केलं आणि वाशीमकडचा पुसद तालुका उचलून आमच्यात आणून बसवला. ही झाली डॅश एस. मात्र 'यवतमाळ' साहेबाच्या जिभेला झेपेना, म्हणून इंग्रजीत त्यानं 'यिओटमल' असं काहीतरी लिहून ठेवलं. साहेब गेला, स्पेलिंग राहिलं. ते आमच्या डिरेक्टरीत शाखेच्या नावात अजून तग धरून होतं. ते बदललं तेव्हा स्वातंत्र्यलढ्यात उशिरा का होईना, आपलाही वाटा पडला असं वाटून मी चहा मागवला.

मग माणसांची नावं घेतली. पहिला मान आमच्या दप्तरीबुवांचा. जन्मभर सगळ्यांनी 'पांडू' म्हटल्यामुळे यंत्रातही ते पांडूच होते. निवृत्तीला तीन महिने उरलेले. आम्ही डॅश आर लावून त्यांना पांडुरंग केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोळ्यांत पाणी आणून उभे. "साहेब, माझा रजेचा अर्ज दिसत नाही." झालं होतं असं, की मूळ नोंद बदलली, पण रजेसाठी जो वेगळा गट केलेला होता, त्याच्या यादीत 'पांडू'च राहिला होता. तशी खास सोय करून ठेवली नसेल तर इतर याद्यांतली नावं आपोआप बदलत नाहीत म्हणे. गॅझेटात नाव बदलावं आणि रेशनकार्डानं ओळख दाखवू नये, तशातली गत. पांडुरंगाला स्वतःच्याच देवळात शिरता येईना. ती यादी दुरुस्त करायला दुपार गेली.

त्याच रात्री आईनं माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. पुसदचा माझा मामा आषाढात गेला. आमच्याच बँकेच्या तिथल्या शाखेत त्याची अठ्ठेचाळीस हजारांची ठेव होती. मामा एकटा माणूस. वारसनोंदीच्या फॉर्मवर त्यानं लिहिलं होतं, 'वत्सला. नातं : बहीण.'

माझ्या आईचं नाव सुनंदा. पासबुकात सुनंदा, आधारवर सुनंदा, रेशनकार्डावर सुनंदा.

काउंटरवर बावीस वर्षं मी एक वाक्य बोलत आलो आहे. झोपेतही बोलतो, असं बायको सांगते. ते आपोआप तोंडातून गेलं : "नाव जुळत नाही. पुरावा काय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. असं तिनं पूर्वी मी गणितात नापास झालो तेव्हा पाहिलं होतं.

"लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं तुह्या बाबांनी," ती म्हणाली. "सुनंदा. मले कोनी इचारलं नाही."

"मग जुनं नाव?"

"त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला."

मी हसलो. ती हसली नाही. जरा वेळानं म्हणाली, "मले वत्सी म्हननारा तो एकटाच उरला होता."

एवढ्या वर्षांत काउंटरच्या पलीकडे किती वत्सला उभ्या राहिल्या असतील आणि मी 'पुढचा' म्हणून त्यांना बाजूला केलं असेल, याचा हिशेब मी त्या रात्री मांडून पाहिला. टॅली झाला नाही.

बुधवारी आमच्या कॅश काउंटरवरच्या मुलीची पाळी होती. उन्हाळ्यात तिचं लग्न झालेलं. साहेबांनी हुकूम टाइप केला आणि सवयीनं डॅश आरकडे बोट नेलं.

"थांबा," मी म्हणालो. "ही शेपटी लावली नाही तर काय होतं?"

"काही नाही. नवं नाव लागतं आणि जुनंही नोंदीत राहतं. कुणी जुन्या नावानं शोधलं तरी सापडते."

"म्हणजे यंत्र आपण होऊन जुनं नाव पुसत नाही?"

"नाही सर. पूस म्हणून मुद्दाम सांगावं लागतं."

मी खुर्चीत मागे टेकलो. यंत्राला माया नसते असं म्हणतात, पण त्याची मूळची वृत्ती जुनं नाव ठेवण्याची. पुसून टाका म्हणणारे आपण. आम्ही उठून त्या मुलीलाच विचारलं. नोटा मोजता मोजता ती थांबली. आमच्या कॅशमध्ये हे सहसा घडत नाही. "दोन्ही ठेवता येतात?" तिनं विचारलं. तिची नोंद शेपटीवाचून झाली.

आईचं काम एवढं सोपं नव्हतं. ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला निघाला, त्यावर कुमारी वत्सला. लग्नपत्रिका निघाली, तिच्यावर चि. सौ. कां. वत्सला आणि शेजारी बाबांचं नाव. मग 'वत्सला व सुनंदा ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र झालं. आपण एकच आहोत हे आईला सत्तरी उलटल्यावर शपथेवर सांगावं लागलं. दीड महिन्यानं पैसे आले. तिनं त्याची आमच्या शाखेत पुन्हा ठेवच केली, आणि नावाच्या रकान्यात लिहायला लावलं : सुनंदा ऊर्फ वत्सला. मिशिगनच्या मंडळींच्या कितीतरी आधी मराठीनं ही सोय करून ठेवली होती. नुसतं 'ऊर्फ' लिहायचं, की जुनं नाव जागच्या जागी राहतं.

पावती छापून आली. यंत्रातला रकाना आखूड, त्यामुळे शेवटची अक्षरं कापली गेली होती. 'सुनंदा ऊर्फ वत्स' एवढंच उमटलं. मी दुरुस्त करून आणायला उठलो. आईनं पावती हातातून घेतली, चष्मा पुसून दोनदा वाचली आणि कनवटीला लावली.

"राहू दे," ती म्हणाली. "वेलांटी मी मनातच लावते."