खळं

परवा भाचा घरी आला होता. फिजिक्सवाला. जेवताना सहज विचारलं, "तुमच्या त्या ॲक्सिलरेटरमध्ये घोडं अडतं कुठे रे?"

"मामा, खळं पडतं."

चंद्राला पडतं ना, तेच! मधे प्रोटॉनांचा दाट झोत आणि भोवती चुकार प्रोटॉनांचं विरळ कडं. हे चुकार नळीच्या भिंतीवर जाऊन आदळतात.

मग रात्री बारापर्यंत तोच विषय. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'लेहिपा' नावाचं यंत्र आहे. थोरियमपासून वीज काढायच्या लांबच्या वाटेवरची पहिली पायरी. आराखडा २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा, प्रवाह ३० मिलिअँपिअर. पुढे जायचंय एक अब्जापर्यंत.

प्रोटॉन सगळे धनभारित, एकमेकांना ढकलणारच. चुंबक त्यांना आवळून धरतात. पण एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना झोताचा आकार नीट जुळला नाही, की तो फुगतो-आकसतो, फुगतो-आकसतो. कडेच्या एखाद्या प्रोटॉनचा ताल त्या फुगण्याशी जुळला, की झोक्याला नेमक्या वेळी धक्के बसावेत तसा तो लांब लांब जातो. शिवाय चुंबक जरा वाकडा बसला, नळीत उरल्यासुरल्या हवेचे रेणू आडवे आले, तरी खळ्यात भर पडते.

आता हिशोब बघा. एक अब्ज व्होल्ट गुणिले ३० मिलिअँपिअर म्हणजे तीन कोटी वॅट. आणि जगभरचा दंडक काय, तर मीटरमागे एक वॅटच्या वर सांडायचं नाही. तीन कोटींत एक प्रोटॉन!

मी म्हटलं, "एवढी कंजुषी कशाला? ताकद वाया जाते म्हणून?"

"नाही मामा. नंतर दुरुस्तीला माणसाला हात लावता आला पाहिजे ना!"

मी गप्पच झालो. चाकणला आमच्या प्रेसचा मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली, की मी निर्धास्त आत हात घालतो. तिथे स्विच पाडल्यावरही प्रोटॉनांचा मार खाल्लेला धातू किरण सोडत राहतो. त्याला कुलूप घालायचं कुठे? म्हणून सगळी काळजी आधीच, खळं पडू नये याची.

एवढ्या मोठ्या यंत्राची मर्यादा शेवटी पाना धरणाऱ्याच्या हातावरून ठरली, हे काही डोक्यातून जात नाहीये.

असो. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.