बाझलचा शिमगा

पहाटे अडीचला लेकीनं उठवलं. "बाबा, उठा. चारला दिवे जातात." आमच्याकडे दिवे जाण्यासाठी कुणी कुणाला उठवत नाही, असं म्हणणार होतो, पण तिनं हातात लोकरीची टोपी दिली आणि मी ती मुकाट्यानं घातली. तारीख 10 मार्च 2025, वार सोमवार. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि खास सोडलेल्या ट्राम माणसांनी गच्च. आमच्या गावच्या जत्रेची शेवटची गाडी आठवली, फक्त टपावर कुणी नव्हतं.

लेक-जावई नोकरीच्या निमित्तानं बाझलला राहतात. ऱ्हाईन नदीच्या वळणावरचं हे स्वित्झर्लंडचं गाव एका बाजूला फ्रान्सला आणि दुसऱ्या बाजूला जर्मनीला चिकटलेलं आहे. तीन नंबरची ट्राम फ्रान्समध्ये जाते, आठ नंबरची जर्मनीत. विमानतळ तर चक्क फ्रान्सच्या हद्दीत. रोज हजारो माणसं सीमा ओलांडून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. बेळगावात जन्म काढलेला माणूस हे बघून जरा गप्पच होतो. पहिल्या आठवड्यात मी जावयाला उगीचच दोनदा आठ नंबरनं जर्मनीत न्यायला लावलं. कुणी काही विचारत नाही, पाटीवरच्या भाषेवरून भांडण नाही. तिसऱ्यांदा न्यायला तो तयार झाला नाही.

चारचे ठोके पडले आणि जुन्या शहरातले सगळे दिवे एकदम गेले. वीज कंपनीच ते घालवते. काळोखात कुठून तरी एक हुकूम आला आणि शेकडो ढोल आणि बारीक, चिरक्या बासऱ्या एकाच वेळी एकच चाल वाजवू लागल्या. मग दिसले ते कंदील. दोन पुरुष उंचीचे, कापडावर चित्रं रंगवलेले, आतून उजळलेले. ते माणसांच्या खांद्यांवरून किंवा गाड्यांवरून डुलत येत होते. प्रत्येक वाजवणाऱ्याच्या डोक्यावरही एकेक लहान कंदील आणि त्याखाली मुखवटा. पूर्वी इथे मशाली असत. जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतून उघडा जाळ नको म्हणून 1845 मध्ये त्यांच्यावर बंदी आली, आणि त्यातून हे कंदील जन्मले. बंदीतून इतकं देखणं काही निघालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

या उत्सवाचं नाव फास्नाख्त. सोमवारी पहाटे चारला सुरू, गुरुवारी पहाटे चारला बंद, मोजून बहात्तर तास. 1356 च्या भूकंपात शहराची जुनी दप्तरं गेली. त्यानंतरचा सर्वांत जुना उल्लेख 1376 चा, आणि तोही भांडणाचा. 1529 मध्ये शहरानं पंथ बदलला, उपवासाचे दिवस गेले, पण उपवासाआधीची ही धमाल काही गेली नाही. गंमत म्हणजे गोव्याचा कार्निव्हल आटोपतो तेव्हा इथं काहीच सुरू झालेलं नसतं. अकराव्या शतकात चर्चनं उपवासाच्या चाळीस दिवसांतून रविवार वगळले, त्यामुळे सुरुवात सहा दिवस अलीकडे आली. बाझलवाल्यांनी जुना हिशेब सोडला नाही. यंदा तर गुरुवारी, 13 मार्चच्या पहाटे इथलं सगळं संपायचं होतं आणि त्याच संध्याकाळी आमच्या गावात होळी पेटायची होती.

उजाडताना एका तळघरातल्या खाणावळीत शिरलो. तिथं पीठ तांबूस होईपर्यंत भाजून केलेलं दाट सूप मिळतं, वर किसलेलं चीज. हुलग्याच्या माडग्याची चुलत बहीण म्हणा. सोबत कांद्याचा एक चपटा, भाजलेला पदार्थ. शेजारच्या बाकावर एकानं मुखवटा काढून मांडीवर ठेवला. आत सत्तरीतला गृहस्थ, घामानं निथळलेला, चष्मा पुसणारा. रोज बँकेत दिसणारे, कोर्टात दिसणारे असे लोक यात असतात, असं जावई म्हणाला. रस्त्यावर मात्र मुखवटा काढायचा नाही. आणि बघ्यांनी सोंग घ्यायचं नाही. गालाला रंग फासून आलेल्या पाहुण्याकडे इथले लोक आपल्याकडे सोवळ्यात चपला घालून आलेल्याकडे बघतात तसे बघतात.

सोंग हा शब्द मनात आला आणि त्या सूपाची चव गेली.

आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, जंगलाच्या अंगाचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बेळगावात पांगुळ गल्लीतल्या एका कापड दुकानात दिवाणजी होते. वर्षभर मान खाली घालून खतावण्या लिहायचे. दुकानात त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही. पण शिमग्याला गावी गेले की ते म्हातारीचं सोंग घ्यायचे. जुनेर लुगडं, पाठीला बांधलेलं गाठोडं, हातात काठी, तोंडावर कागदाच्या लगद्याचा स्वतः केलेला मुखवटा. दारोदार जाऊन ही म्हातारी चिरक्या आवाजात ज्याचं त्याला सुनवायची. कुणी मजुराचे पैसे ठेवलेत, कुणी भावाचा बांध कोरलाय. लोक हसत हसत खाली बघायचे आणि म्हातारीच्या सुपात तांदूळ, नारळ घालायचे. कुणी राग धरत नसे. अण्णांनी हे सांगितलं असतं तर डोकी फुटली असती; म्हातारीला सगळं माफ होतं.

1968 साली मी नववीत होतो. बेळगावच्या शाळेतले दोन मित्र शिमगा बघायला गावी आले होते. चांगल्या घरचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. आम्ही चुलत्याच्या ओसरीवर बसलो असताना म्हातारी आली. माझ्यापुढे काठी आपटून म्हणाली, "काय रे बाळा, मला ओळखलंस का?" मित्र हसत होते. त्यातल्या एकानं विचारलं, "कोण रे हा माणूस?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक. असेल गावातला कुणीतरी."

म्हातारी क्षणभर उभी राहिली, मग पुढच्या घरी गेली. त्या घरी तिनं काही सुनावल्याचं मी ऐकलं नाही.

पुढल्या वर्षी अण्णा म्हणाले, गुडघे दुखतात. त्यांनी सोंग पुन्हा कधी घेतलं नाही. मुखवटा माळ्यावर होता, तो वाळवीनं खाल्ला. अण्णा 1991 मध्ये गेले. मधल्या तेवीस वर्षांत हा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

सोमवार दुपारची मिरवणूक मी फारशी लक्ष देऊन पाहिली नाही. लांब नाकाचे, निळ्या डगल्यातले, लाकडी जोडे घातलेले 'वागिस' गाड्यांवरून संत्री आणि मिमोझाची पिवळी फुलं वाटत होते. सीमेपलीकडच्या शेतकऱ्याची ही थट्टा. ज्यांच्या छातीवर उत्सवाचा बिल्ला नाही, त्यांच्या मानेत ते कागदाच्या टिकल्या मुठीमुठीनं कोंबतात. टिकल्या एका मुठीत एकाच रंगाच्या हव्यात. मिसळलेल्या असल्या तर त्या जमिनीवरून गोळा केलेल्या, असं समजतात.

मंगळवार लहान मुलांचा. दहा वर्षांच्या नातवाला घेऊन मी कॅथीड्रलच्या चौकात गेलो. तिथं सगळे मोठे कंदील मांडून ठेवतात. प्रत्येकावर वर्षभरातल्या भानगडींची चित्रं आणि खाली टोमणे मारणाऱ्या ओळी. लेकीनं चार वर्षं क्लास लावून जर्मन शिकलं, तरी तिला त्या ओळी लागत नाहीत, कारण त्या इथल्या बोलीत असतात. नातवाला लागतात. बोलीतला शब्द जितका ठेवणीतला, तितकं इथल्या माणसाला भूषण. मी तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. "काय करायलास?" म्हणणाऱ्या पोराला उभं करून "काय करतोस म्हण" असं घोकून घेतलं. घरी जाऊन जेवताना आईशी स्वतः तेच बोललो. त्या कंदिलांपुढे उभं राहून मला त्या पोरांचे चेहरे आठवत होते.

नातू घरी मराठी समजतो, पण उत्तर जर्मनमध्ये देतो. मला मराठीत देतो ते "हो", "नको" आणि "भूक नाही".

तेवढ्यात कोपऱ्यातून ती आली. इथं एक ठरलेलं सोंग आहे, 'आल्टी डान्टे', म्हणजे म्हातारी मावशी किंवा आत्या. जुन्या काळचा झगा, टोपी, हातमोजे, पिशवी, टोकदार हनुवटीचा मुखवटा. आत पुरुषही असतो. ती थेट माझ्यापुढे थांबली, छत्रीनं माझ्या कोटाला टोचलं आणि चिरक्या आवाजात काहीतरी बोलली. अशी सोंगं आवाज बदलून माणसाला गाठतात आणि त्याला टोचून बोलतात, हे जावयानं सांगितलं होतं. मी नातवाकडे पाहिलं. आता त्याला दुसरा मार्ग नव्हता.

"ही आजी विचारते," तो शब्द शोधत म्हणाला, "तुझा बिल्ला कुठे आहे. आणि... तुझं तोंड असं का आहे. कोणी मेलं का."

म्हातारी आणखी काही बोलली.

"विचारते, मला ओळखलंस का."

मी म्हणालो, "हो, म्हणून सांग. ओळखलं."

"आबा, पण तू तर..."

"सांग तिला."

त्यानं सांगितलं. म्हातारी बहुधा अशा उत्तराला सरावलेली नव्हती. थोडी थांबली, मान तिरकी केली, पिशवीतून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या कॉलरमध्ये निळ्या टिकल्यांची मूठ रिकामी करून चालू लागली.

ट्रामच्या थांब्यावर नातू गप्प होता. मग त्यानं मराठीत विचारलं, "आबा, तू तिला खरंच ओळखतोस?" मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली, लुगड्यापासून माळ्यावरच्या वाळवीपर्यंत. ती याआधी मी कुणाला सांगितली नव्हती, त्याच्या आजीलाही नाही. मध्येच तो 'दिवाणजी म्हणजे काय', 'बांध म्हणजे काय' असं विचारत होता.

"मग तू त्यांना सॉरी म्हणालास?"

"नाही."

"का?"

ट्राम आली. आम्ही चढलो, आणि तो माझ्या मानेतल्या टिकल्या एकेक करून वेचायला लागला.