दोघेही निर्दोष

आमच्या घरात संगणक एक आणि माणसे तीन. त्यामुळे त्यातल्या ब्राउझरला एकत्र कुटुंबाची कळा आली आहे. ज्याने त्याने आपल्या सोयीचे एक्स्टेन्शन आणून बसवलेले. कोणी जाहिराती अडवतो, कोणी शब्दांचे अर्थ सांगतो. असे आठ जण गुण्यागोविंदाने नांदत होते.

गेल्या जूनमध्ये ब्राउझरची नवी आवृत्ती आली, आणि नेमका त्याच संध्याकाळी मुलीचा अकरावीचा अर्ज भरताना ‘पुढे’ हे बटणच दिसेना! मुदत संपायला अर्धा तास. माझा तोल गेला. सौभाग्यवतीचा चष्म्याचा नंबर वाढल्यापासून तिने बटणे व मथळे ठळक काळे करणारे एक एक्स्टेन्शन घेतले होते. “तुझ्या त्या काळ्या अक्षरांनीच घोटाळा केलाय!” मी गरजलो. तिने मुकाट्याने ते बंद केले. बटण दिसू लागले, अर्ज गेला. मी जिंकलो.

त्यानंतर आठ दिवस ती संगणकाकडे फिरकली नाही.

मुलगीच एकदा म्हणाली, “बाबा, आईचं एकटंच चालू ठेवून बघा ना.”

पाहिले. बटण जागच्या जागी! मी वरमलो. पूर्वी २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली, तेव्हा जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने सरसकट बंद पडली होती. तिथे कारण एकच, आणि उघड. इथे मात्र प्रत्येक जण एकटा असताना सज्जन!

मग निम्म्यानिम्म्याने शोध सुरू केला. तिचे चालू ठेवून उरलेल्या सातांतले चार जोडीला दिले, बटण शाबूत. ते बंद करून दुसरे तीन दिले; बटण गडप. त्या तिघांना एकेक करून तपासले, आणि गुन्हेगार सापडला. तो माझाच होता! पांढरी पाने डोळ्यांना खुपतात म्हणून मी ती काळी करून घेत असे. पूर्वी तो बटणांना हात लावीत नसे. आवृत्तीबरोबर तोही बदलला आणि बटणेही काळी करू लागला. त्यावर तिची काळी अक्षरे. बटण नाहीसे झालेच नव्हते. काळ्यावर काळे, म्हणून दिसत नव्हते एवढेच.

दोन्ही आपापल्या परीने निर्दोष. दोष होता तो, न तपासता निकाल देणाऱ्याचा.

माझे एक्स्टेन्शन मी बंद केले, तिचे चालू केले, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. “चूक माझ्याकडची होती,” मी म्हटले.

“अहो, एवढं सांगायला इतका वेळ लागला?” ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत चष्मा शोधू लागली.