घरातली ओल

'ओलावा' हा शब्द मराठीच्या अध्यापकाचा फार लाडका. कवितेत ओलावा असावा, कथेत असावा, नात्यागोत्यांत तर असावाच असावा, असे वर्गात सांगता सांगता माझी वीस वर्षे गेली. पण त्याच शब्दाची सख्खी बहीण 'ओल' ही एकदा घराच्या भिंतीवर उतरली, म्हणजे सारे काव्य आटून जाते. रंगाचे पापुद्रे सुटतात, गाद्यांना वास येतो, पुस्तकांच्या पानांवर पिवळे नकाशे उमटतात, आणि घरातले वयस्कर माणूस मध्यरात्री खोकत उठून बसते.

आम्हा नगरकरांना या ओलीचा सराव नाही. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला, पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात कोसळतो. तेच ढग नगर शहरावर येईपर्यंत रिकामे झालेले असतात. इथे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला, की आम्ही 'यंदा बरा झाला' म्हणतो. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पावसाने मात्र आपली जुनी वहिवाट सोडलेली नाही.

या कोरड्या मुलखाने घरेही आपल्यासारखीच घडवली. माझे बालपण ज्या वाड्यात गेले, त्याच्या भिंती दीड-दोन हात जाडीच्या, मातीत बांधलेल्या. वर माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या आणि पाला, आणि त्यावर हातभर पांढरी माती. शेतजमीन ती 'काळी' आणि गावठाण ती 'पांढरी', ही आपली जुनी जोडी. त्या पांढरीतलीच माती आमच्या डोक्यावर असे. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश ऊन तापत असताना माजघरात माठासारखा गारवा असायचा. त्यात जादू काही नव्हती. उन्हाला एवढी माती ओलांडून आत यायला आठ-दहा तास लागत. ते आत पोहोचे तोवर रात्र झालेली असे आणि आम्ही सगळे अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेले असू! शहराबाहेरचा निजामशाही फराहबाग महालही जाड भिंतींचा, आणि तळ्याच्या मधोमध बांधलेला. कोरड्या हवेला पाण्यावरून नेले की ती गार होते, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आज आमच्या घरोघरी वाळ्याचे कूलर घोंघावतात, ते त्याच युक्तीवर.

ही सारी विद्या घेऊन मी जावई झालो तो राजापूर तालुक्यातल्या एका घरचा. तिथे हवा आधीच पाण्याने तुडुंब. ती आणखी पाणी काय पिणार, आणि आपल्याला गारवा काय देणार? पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस, आणि तो नुसता वरून पडत नाही. तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्याला तिकडे 'झड' म्हणतात. अशा झडीत आमचे माळवद पहिल्याच आषाढात अंगणात वाहून आले असते.

सासरचे घर जांभ्याचे. हा दगड खाणीतून काढताना मऊ, हवेवर राहिला की कठीण होणारा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारात तो पाहिला आणि 1807 साली विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे 'लॅटराइट' असे बारसे केले. वर मंगलोरी कौले. बाझल मिशनने मंगळूरला 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्याने ती लाल टोपी डोक्यावर घेतली. पण माझे लक्ष वेधून घेतले ते त्या घरातल्या फटींनी. भिंत संपते तिथे छप्पर टेकत नाही. मध्ये चांगली वीतभर मोकळी जागा. कौलाकौलांमधून उजेडाच्या रेघा. पडवीला गज, भिंत नाहीच. आगोट आली, की कौले चाळायची, झडीच्या बाजूला नारळीचे झाप बांधायचे, आणि बाकीच्या फटी तशाच ठेवायच्या! सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, पावसाला आत घ्यायचं नाही, पण वाऱ्याला अडवायचं नाही. वारा घर पुसून काढतो."

काही वर्षांपूर्वी या घराची सुधारणा करण्यात आली. एका ठेकेदाराने जांभ्यावर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला, त्यावर चकचकीत प्लॅस्टिक रंग दिला, छपराखालची फट सिमेंटने बुजवली, सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्या आणि जोत्याला लागून अंगणभर कोबा केला. घर फोटोत सुरेख दिसू लागले. पुढच्या श्रावणात देवांच्या तसबिरींवर पांढरा बुरा चढला. पेटीतल्या साड्यांना कुबट वास येऊ लागला. आणि सासूबाईंचा दमा, जो पूर्वी थंडीत दोन-चार दिवस येई, तो चार महिने मुक्कामाला राहिला. वय ऐंशीच्या जवळ. डॉक्टरांनी सांगितले, की या ओलीत त्यांना ठेवू नका.

माझे मेहुणे मुंबईला असतात. त्यांचा विचार सरळ होता. "भाऊजी, आईला मुंबईला नेतो, आणि घर पाडून स्लॅबचं बांधू या." सासूबाईंचे उत्तर त्याहून सरळ: "मला न्यायचं तर आधी घर पाडा. उभं असताना मी सोडायची नाही." मग मेहुण्यांनी मधला मार्ग सुचवला. परदेशी घरांविषयी त्यांनी बरेच वाचले होते. तिकडे भिंतींत आणि छपरात उष्णतारोधक थर भरतात, फट न् फट बुजवतात, घर थर्मासच्या बाटलीसारखे करतात. तसेच आपण सबंध घर बंद करू आणि वातानुकूलन यंत्र बसवू.

या कल्पनेत तथ्य नाही असे कोण म्हणेल? आपली गोधडी हाच तर धडा देते. ऊब गोधडीच्या कापडात नसते, तिच्या थरांत अडकलेल्या स्थिर हवेत असते. थंड देशांत घर आतून तापवावे लागते. फटीतून गेलेली ऊब म्हणजे गेलेला पैसा. पण तिथली हवेतली वाफ निघते ती घरातून बाहेर. स्वयंपाकाची, आंघोळीची, माणसांच्या श्वासाची वाफ भिंतीत शिरून थंड बाजूला गोठू नये, म्हणून तिला आतल्या अंगाला अडवतात. कोकणात सारे उलटे. आपण खोली गार केली, की बाहेरची दमट हवा आत धावते. तीस अंशांची पुरती दमट हवा दर घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम पाणी बाळगते. वीस अंशांवर तिला सतराच ग्रॅम झेपते. उरलेले ती टाकते. बर्फाच्या पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो ना, तसेच. गार खोलीला फट राहिली, तर तोच घाम भिंतीच्या पोटात सुटतो. आणि उष्णतारोधक थर एकदा भिजला, की त्याचा उपयोग संपला. पाणी उष्णतेला स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने वाट देते.

निर्णय लागला तो गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यामुळे. त्यांनी भिंत हाताने ठोकली, एका ठिकाणी गिलाव्याचा टवका काढला. आत जांभा ओलाचिंब. ते म्हणाले, "पाणी येतं कुठून, ते आधी बघा. मग काय बंद करायचं ते ठरवा." पाणी तीन वाटांनी येत होते. वरून, फुटक्या कौलांतून. खालून, कारण कोब्याचा उतार घराकडे होता आणि जोत्याशी मुरलेले पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे भिंतीत चढत होते. आणि तिसरी वाट हवेची. पूर्वीही ओल भिंतीत येत असे. पण चुना आणि जांभा दोन्ही सच्छिद्र, उघडीप मिळाली की ती निघून जाई. आता तिला परतीची वाटच उरली नव्हती. भिंतीला रेनकोट घालताना पाणी आतच राहिले होते.

गेल्या दिवाळीनंतर कामाला हात घातला. कौले बदलली, पागोळ्यांना पन्हळी लावल्या. कोबा भिंतीपासून हातभर मागे काढून तिथे चर खणला आणि पाणी उताराला लावले. मग भिंतीचा सिमेंट-गिलावा उतरवला. जांभा दोन महिने तसाच उघडा वाळू दिला आणि मगच चुन्याचा हात दिला. चुन्याला घाई चालत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेत तो सावकाश पुन्हा दगड होतो. स्वयंपाकघर, ओटी आणि माळा यांच्या फटी मोकळ्या केल्या. उंदीर-वटवाघळांसाठी जाळी तेवढी बसवली.

आणि मेहुण्यांची थर्मासची बाटली? तीही झाली, पण एकाच खोलीची. माजघराच्या बाजूची सासूबाईंची निजण्याची खोली सर्व बाजूंनी घरानेच वेढलेली. तिला एकच खिडकी, तीही पडवीत उघडणारी. झड तिथे पोहोचत नाही. तिला लाकडी तक्तपोशी केली, तिच्या सांधी बुजवल्या, वर उष्णतारोधक थर टाकला, आणि त्यावरचा माळा वाहता ठेवला. दारा-खिडक्यांच्या कडांना रबरी पट्ट्या लावल्या. हवेतले पाणी ओढून घेणारे एक लहान यंत्र आणले. मेहुण्यांनी आर्द्रतामापकही टांगला. घरात इतरत्र काटा नव्वदीला टेकला असता या खोलीत तो साठ-पासष्टांत राहतो. आर्द्रता ऐंशीच्या वर दिवसेंदिवस राहिली, की बुरशीचे फावते. तिला इथे वाव मिळाला नाही. वीज गेली, आणि कोकणच्या पावसाळ्यात ती जातेच, की दार उघडायचे असा नियम ठरला आहे.

या सगळ्या खटाटोपात मी एकदा जुन्या चुलीची आठवण काढली. चुलीच्या धुराने वासे काळे होत, पण कोरडे राहत आणि त्यांना कीड कमी लागे. गॅस आल्यापासून छपराचा तो शेक गेला, असे काहीसे मी म्हणालो. सौभाग्यवती ताडकन म्हणाली, "अहो, वासे वाचले असतील. त्या धुरात आईनं चाळीस वर्षं फुंकणी फुंकली. तिच्या छातीत काय आहे, ते वाशांना विचारा." यावर बोलण्यासारखे काही नव्हते. जुन्या घराच्या शहाणपणाची किंमत कोणी तरी मोजलेली असते, आणि बहुधा ती स्वयंपाकघरातच मोजलेली असते. छपराखालची फट परत आणावी. चूल आणण्याचे कारण नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे असे एखादे घर अलिबागेपासून सावंतवाडीपर्यंत कुठे तरी असेल. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारे, एरवी कुलपात असणारे. त्याची ओल घालवायला निघाल तेव्हा डबाभर रंग आणि गोणीभर सिमेंट घेऊन निघू नका. आधी कौले पाहा, मग जोत्याभोवतीची जमीन पाहा, आणि भिंत कोरडी होईपर्यंत थांबा. बंद करायची तर एक खोली करा, पण ती पुरती करा. आणि शेजारच्या कुणाला तरी किल्ली देऊन आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडायला सांगा. बंद घराला ओल सर्वांत आधी गाठते.

या पावसाळ्यात सासूबाईंना दमा आलाच नाही असे नव्हे. दोनदा आला, पण मुंबई गाठावी लागली नाही. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी पाहू, असे मेहुणे म्हणतात आणि घर पाडण्याचा विषय काढत नाहीत. सासूबाई दिवसभर ओटीवर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात, आणि अंधार पडला की त्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. दसऱ्याला मी फोन केला, तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, रात्री मी तुमच्या त्या पेटीत झोपते आणि दिवसा माझ्या घरात राहते. पेटीतल्या साड्यांना यंदा वास नाही. हिला सांगा, पैठणी घालायला घेऊन जा म्हणावं."